हाताला कळतं ते भावाला का नाही कळत?

तापीकाठचा: आमचे नाना तीसेक वर्षं जिनिंगवर (कापसातून सरकी वेगळी करतात तिथे) कापूस पारखतात. गाडी आली की वरचा कापूस बघतच नाहीत, कोपरापर्यंत हात आत घालून खालचा मूठभर काढतात, दाबून सोडतात, एखादी सरकी दाताखाली फोडतात आणि सांगतात ओलावा अकरा टक्के. मीटर लावला की अकराच, नाहीतर साडेदहा. कसं कळलं विचारलं तर म्हणे हाताला कळतं. पण हेच नाना दिवाळीनंतर म्हणाले माझं मन सांगतंय भाव वाढणार, घरचा माल विकू नका, आणि आम्ही मार्चपर्यंत ठेवला, भाव उतरला तो उतरलाच वर वजन घटलं ते वेगळं. एकाच माणसाचं मन इथे एवढं बरोबर न् तिथे एवढं चूक, असं कसं काय भो?

केळीपट्टा: भाऊ, यावर काहनेमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये मिळून लेख लिहिलाय. एक अंदाज कुठे फसतो ते दाखवणारा, दुसरा फायर ब्रिगेडवाल्यांचे अंदाज बरोबर कसे येतात ते शोधणारा, तरी एका गोष्टीवर जमलं: कामात काहीतरी नियम हवा आणि आपण चुकलो हे लगेच कळायला हवं. ओलाव्यात दोन्ही आहे, मीटर तिथल्या तिथे चूक दाखवतो. भावात दोन्ही नाही, वर्षातून एकदा विकणार तर शिकणार कधी? पण मन दोन्हीकडे सारख्याच खात्रीने बोलतं, मला तेच डेंजर वाटतं.

मास्तर_यावल: 1997 चा पत्त्यांचा प्रयोग बघा. चार गड्ड्या, दोन तोट्याच्या, लोकांना तोंडाने सांगता यायच्या आधीच वाईट गड्डीकडे हात जाताना घाम वाढायचा. पण 2004 मध्ये दुसऱ्यांनी तोच खेळ खेळवून बारीक प्रश्न विचारले तर लोकांना बरंच माहीत होतं, फक्त कोणी नीट विचारलं नव्हतं. म्हणून नानांना "कसं कळलं" नका विचारू, एकेक गोष्ट विचारा.

तापीकाठचा: सर, काल जेवताना विचारलं. मूठ सोडल्यावर कापूस किती पटकन फुगतो ते बघतात, सरकी कट्ट वाजली तर कोरडी, नुसती चेपली तर ओली. एवढं तर त्यांनी मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. मग भावाचं विचारलं. थोडा वेळ गप्प बसले, म्हणाले, "ते हाताने नव्हतं रे कळलं, गल्लीत सगळ्यांनीच ठेवला होता."