क्रिकेटवेडे आहात ना? मग तुमची ती एक विचित्र गोष्ट सांगा

सचिन किती ग्रेट, धोनी किती थंड, हे सगळं बोलून झालंय. आज वेगळं विचारतोय. क्रिकेटच्या वेडापायी तुमच्या वाट्याला आलेली अशी एक गोष्ट सांगा, जी ऐकून शेजारचा म्हणेल, "हे काहीतरी भलतंच." खोटं चालणार नाही. थोडं तिखटमीठ चालेल.

सुरुवात मी करतो. 15 नोव्हेंबर 2013, वानखेडे. सचिनची शेवटची कसोटी, दुसरा दिवस. आदल्या दिवशी तो 38 वर नाबाद. तिकीट कसं मिळवलं ते विचारू नका, त्यात एका मेहुण्याशी संबंध बिघडलेत. सकाळपासून चहा झाला होता दोन कप आणि त्याचं जे व्हायचं ते झालं. मी मुतारीत उभा असताना बाहेरचा गलका एकदम थांबला. तीसेक हजार माणसं गप्प झाल्यावर काय ऐकू येतं माहितीये? नळ ठिबकतानाचा आवाज. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. दोघेही काही बोललो नाही. सचिन 74 वर गेला होता.

आता तुम्ही. वर टोपणनाव, खाली गोष्ट.

पुणेरी पगडी

माझी गोष्ट छोटी. वर्ल्ड कपातली कपिलची 175 नाबाद, झिम्बाब्वेविरुद्ध, इंग्लंडातलं टनब्रिज वेल्स, 18 जून 1983. 5 बाद 17 वरून. त्या मॅचचं चित्रीकरणच नाही, त्यामुळे ती फक्त मैदानात हजर असलेल्यांनीच पाहिली. आमच्या नात्यात असे चार जण आहेत. पैकी दोघांकडे तेव्हा पासपोर्ट नव्हता. विचित्र गोष्ट ही, की मी लहानपणापासून चौघांचंही वर्णन इतक्यांदा ऐकलंय की हल्ली मलाच ती खेळी आठवते. कपिलचा एक फटका तर मी अगदी साइटस्क्रीनच्या बाजूने पाहिलाय.

दोन घंटी

निवृत्त मोटरमन आहे, पश्चिम रेल्वे. चर्चगेट सुटलं की मरीन लाइन्सच्या आधी डाव्या हाताला वानखेडे लागतं. स्टेडियम इतकं जवळ की मॅचच्या दिवशी केबिनमध्ये घुमल्यासारखं होतं. आणि गाडी चालवताना मोबाईल बंद. बंद म्हणजे बंद.

2 एप्रिल 2011, शनिवार. वानखेडेवर वर्ल्ड कपची फायनल. रात्री दहानंतरची विरार फास्ट माझ्याकडे. इतकी रिकामी विरार मी नोकरीत दुसरी पाहिली नाही. स्टेडियमच्या बाजूने गेलो तेव्हा दिवे लख्ख, आरडाओरडा चालू, पण चौकार गेला की विकेट पडली, कळायला मार्ग नाही. गार्डने दोन घंटी दिली की निघायचं, एवढाच काय तो आमचा संवाद. पुढे दादरपर्यंत प्लॅटफॉर्म ओस. स्टॉलवाला गाडीकडे पाठ करून उभा. म्हणजे मॅच अजून अडकलीये, एवढा अंदाज आला.

बांद्रा सोडलं आणि उजवीकडे एक फटाका वाजला. एकच. आता एका फटाक्यावर काय समजायचं? लग्नही असू शकतं. मग डावीकडे दोन. मग पार्ल्याच्या अलीकडे दोन्ही बाजूंच्या बिल्डिंगांमधून जी माळ सुटली ती थांबेचना, पुढच्या काचेवर लाल-हिरवा उजेड नाचायला लागला. म्हटलं, झालं. अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा कप.

अंधेरीला शिरताना पाहतो तर पोरं प्लॅटफॉर्मच्या कडेला येऊन नाचतायत. काळजात धस्स झालं. लांबलचक हॉर्न दिला, मागे व्हा म्हणून. पोरांना वाटलं मी पण त्यांच्यात! आणखी जोरात नाचायला लागली. गाडी जवळजवळ रांगत नेऊन लावली. पुढे निघताना अजून एक हॉर्न दिला. पहिला नियमाप्रमाणे होता. दुसऱ्याबद्दल आता बोलायला हरकत नाही, पेन्शन सुरू झालीये.

धोनीचा तो जिंकून देणारा सिक्स मी दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिला.

हिरवा की लाल

मोटरमनकाका, तुमच्याच नोकरीसाठी मी गेलो होतो! मेडिकलला ठिपक्यांचं पुस्तक पुढे ठेवलं. आकडा वाच म्हणाले. मी म्हटलं, आकडा कुठाय? तिथे कळलं की मला लाल-हिरवा रंग नीट कळत नाही. वय बावीस.

आणि त्याच क्षणी लहानपणीचं कोडं सुटलं. मी शाळेच्या टीममध्ये कव्हरला उभा राहायचो आणि चेंडू गवतावर आला की गायब. सर ओरडायचे, "झोपलायस का?" मला वाटायचं सगळ्यांनाच तो असा मधेच दिसेनासा होतो आणि बाकीचे अंदाजाने पळतात. म्हणून मीही अंदाजाने पळायचो. बऱ्याचदा उलट्या दिशेला.

टीव्हीवर कसोटी बघताना मी अजूनही चेंडू बघत नाही, फील्डर कुणीकडे पळतोय ते बघतो. वनडे रंगीत कपड्यांत नि पांढऱ्या चेंडूने व्हायला लागल्या तेव्हा मित्र म्हणाले क्रिकेटचा तमाशा झाला. मी मात्र मनातल्या मनात हात जोडले. 2019 ला ईडनवर आपली पहिली गुलाबी चेंडूची कसोटी झाली, तेव्हा लोक किती हौसेने बसले होते. माझी पुन्हा बोंब. ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू वेडही असाच रंगांध. गुलाबी चेंडू दिसायला त्रास होतो हे त्याने उघड सांगितलंय. तो कीपर! ते वाचलं त्या दिवशी शाळेतल्या सरांना फोन लावायची फार इच्छा झाली.

कानसेन

"चेंडू दिसत नाही" ही तक्रार घेऊन माझ्याकडे या साहेब. मला जन्मापासून काहीच दिसत नाही. हे फोनवर बोलून टाईप करतोय, चुका माफ.

मी जिल्ह्याच्या अंध संघातून खेळलोय. बी वन, म्हणजे पूर्ण अंध. आमचा चेंडू प्लॅस्टिकचा, आत छर्रे, खुळखुळत येतो. बोलिंग हात खालून, जमिनीलगत. बोलर विचारतो रेडी का, बॅट्समन हो म्हणतो, मग 'प्ले' म्हणत चेंडू सोडायचा. आणि बी वनच्या धावा दुप्पट मोजतात. म्हणजे माझा चौकार आठचा. कोहलीला विचारा आहे का त्याच्याकडे.

पण माझी विचित्र गोष्ट वेगळीच. टीव्हीवर कॉमेंट्री करणारे चेंडू कुठे गेला हे सांगतच नाहीत, कारण तुम्हाला ते दिसतंय. ते हॉटेलातल्या जेवणावर बोलतात. बाबा सांगायचे, बाळ ज. पंडित मराठीतून कॉमेंट्री करायचे तेव्हा डोळे मिटले की मैदान उभं राहायचं. माझे डोळे मिटलेलेच, मला तसंच कुणीतरी हवंय. तोवर मी स्टंप माइकवर भागवतो. बॅटची कड लागली तर आवाज सुकलेली काडी मोडल्यासारखा, पॅडला लागला तर उशी आपटल्यासारखा. अपील झालं की घरातले माझ्याकडे बघतात (बघतात असं मला सांगतात). मी "कड आहे" म्हटलं की वहिनी चहा टाकायला उठते. रिप्लेची वाट कुणी बघत नाही. आजवर दोनदा चुकलोय. दोन्ही वेळा मिक्सर चालू होता.

रंकाळा एंड

आमच्या गाडीचा नंबर 443. मुद्दाम मागून घेतलाय, वरचे पैसे भरून. बायको म्हणाली, लोक 1 नाहीतर 9 घेतात, तुमचं हे काय? म्हटलं, ह्यो आमच्या कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांचा नंबर. डिसेंबर 1948, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, 443 नाबाद. ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनच्या 452 च्या विक्रमाला नऊ कमी असताना जेवणाची सुट्टी झाली आणि समोरच्या कॅप्टननं सामनाच सोडून दिला. नऊ रन, राव! एवढं करून माणसाला एक अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. सिग्नलला कुणी नंबराबद्दल विचारलं की मी ही गोष्ट सांगतो. सिग्नल हिरवा झाला तरी सांगतो. मागचे हॉर्न मारत बसतात.

यारा नदीकाठची

रंकाळा एंड, इकडे ऑस्ट्रेलियात तर सरकारी प्रसारण संस्थेचा टपालपेटी क्रमांकच 9994 आहे. ब्रॅडमनच्या 99.94 सरासरीवरून! मेलबर्नला आल्यावर पहिल्या महिन्यात हे कळलं आणि वाटलं, चला, इथे निभेल.

निर्धाव षटक

मी मॅच बघत नाही, लिहिते. समोर लाँगबुक, निळं आणि लाल पेन, मांडीखाली उशी. बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांना टीव्हीचा आवाज सहन व्हायचा नाही, पण काय झालं ते सविस्तर हवं असायचं. म्हणून मी दुसऱ्या खोलीत बसून एकेक चेंडू लिहायला लागले आणि ओव्हर संपली की नेऊन दाखवायचे. ते बोटाने ठिपके मोजायचे (ठिपका म्हणजे धाव नसलेला चेंडू). स्कोअर लिहिणाऱ्यांची एक जुनी रीत आहे: ओव्हर निर्धाव गेली की सहा ठिपके जोडून एम काढायचा, त्यात विकेट पडली असेल तर डब्ल्यू. बाबांना बोलता येत नव्हतं, पण एम दिसला की डावी भुवई वर जायची. सेहवाग खेळत असला की मात्र वही बाजूला सारायचे, चौकार-षटकारांनी पान घाण होतं म्हणून असावं.

एकदा मॅच नव्हती आणि त्यांना करमत नव्हतं. तेव्हा मी बापू नाडकर्णींचा 1964 चा मद्रासचा डाव काढला. 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा, विकेट शून्य. त्यातली 21 निर्धाव लागोपाठ. मी एका ओळीत एकवीस एम काढले आणि वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवलं. पाऊण तास. मी हात अवघडला तरी वही हलवली नाही.

आता बाबा नाहीत. वह्या सत्तावीस झाल्यात. भुवई कुणाची वर जात नाही, पण मी लिहिते.

हॉलबंदी

वरचं वाचून जरा वेळ थांबले होते. आता माझं.

आमच्या घरात असा समज आहे की मी हॉलमध्ये आले की विकेट पडते. 2003 च्या वर्ल्ड कप फायनलपासून हे सुरू झालं, तेव्हा मी फक्त पापड द्यायला आले होते. त्यानंतर नवरा आणि मुलगा मिळून मला प्रत्येक मोठ्या मॅचला स्वयंपाकघरात बसवतात. प्रेमाने हं, खुर्ची आणून देतात. 2011 ची फायनल मी फोडणीच्या वासात ऐकली. 19 नोव्हेंबर 2023 च्या फायनलला तर मी बहिणीकडे गेले होते, तरी हरलो. त्यावर मुलगा म्हणाला, "मावशीकडे टीव्ही पाहिलास ना?"

तर 2 नोव्हेंबर 2025 ला मी भिशीतल्या मैत्रिणीबरोबर नेरूळला डी. वाय. पाटीलवर गेले. मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. घरी सांगितलं तेव्हा दोघांचे चेहरे असे झाले, जणू मी खेळपट्टीवर पाणी ओतायला निघालेय. पाऊस पडला, मॅच दोन तास उशिरा सुरू झाली, तेव्हाही मुलाचा मेसेज: "आलीस वाटतं."

आपण 298 केल्या. शेफालीच्या 87. मग त्यांची वोल्वार्ट खेळायला लागली आणि हलायचं नावच घेईना. शंभर झाले तिचे. घरून मेसेज आला, "आई, आता जागेवरून अजिबात उठू नकोस." बावीस वर्षं उठून जा म्हणणारी माणसं!

मला पाणी हवं होतं. मी उठले. त्याच चेंडूवर वोल्वार्टने उंच मारला, खाली अमनजोत, चेंडू तिच्या हातातून उडाला, परत उडाला, तिसऱ्यांदा तिने धरला. शेजारची बाई माझ्या गळ्यात पडली. पुढचं तुम्हाला माहितीये. दीप्तीच्या पाच विकेट, हरमनने शेवटचा झेल घेतला, 52 धावांनी जिंकलो.

मध्यरात्र उलटून गेल्यावर स्टेशनकडे चालताना फोन बघितला. मुलाचा मेसेज पडला होता: "वोल्वार्टच्या वेळी उठली होतीस का?"

अजून उत्तर दिलेलं नाही.