प्रतिसाद: चार नॉन-टर्मिनलपाशी अडते

सिंक्रोनस संदर्भमुक्त व्याकरण, म्हणजे दोन भाषांतली वाक्ये जोडीने घडवणारे नियम. एका भाषेचे संदर्भमुक्त व्याकरण चॉम्स्कीच्या सामान्य रूपात दोन-दोन नॉन-टर्मिनलच्या (ज्यांच्या जागी पुढे शब्द किंवा शब्दसमूह येतात अशा चिन्हांच्या) नियमांत मोडता येते, तसे हेही नेहमी मोडता येते, असे आपण वर म्हटले आहे. ते मला मान्य नाही.

येथे एकच नियम दोन्ही भाषांत एकाच वेळी चालतो. आमच्या नाशिकचेच उदाहरण घ्या: ‘गोदावरीच्या काठावर’ आणि ‘ऑन द बँक ऑफ द गोदावरी’. ‘क-च्या ख’ समोर ‘ख ऑफ क’, ‘ग-वर’ समोर ‘ऑन ग’ (क, ख, ग ही नॉन-टर्मिनल), हे दोन नियम एकात एक बसवले की सगळा क्रम उलटतो. अशा अदलाबदलीला दोन नॉन-टर्मिनल पुरतात. तीन असलेले नियमही दोनवर आणता येतात. चार नॉन-टर्मिनल दुसऱ्या भाषेत ज्या २४ क्रमांनी येऊ शकतात, त्यांपैकी मात्र २२च असे मोडतात. २-४-१-३ (म्हणजे पहिल्या भाषेतले दुसरे, चौथे, पहिले, तिसरे) आणि ३-१-४-२ हे क्रम मोडत नाहीत, कारण (वहीत मांडून अवश्य पाहावे) एका भाषेत शेजारी असलेली कोणतीही दोन किंवा तीन नॉन-टर्मिनल दुसऱ्या भाषेत सलग राहत नाहीत, आणि जे दोन्हीकडे सलग नाही ते एका नॉन-टर्मिनलखाली बांधता येत नाही. मला हा या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. आहो आणि उलमन या संगणकशास्त्रज्ञांनी १९६९ मध्येच दाखवले आहे की एका नियमातल्या नॉन-टर्मिनलची कमाल संख्या चारपासून पुढे एकेकाने वाढवली की प्रत्येक पायरीवर या व्याकरणांचे सामर्थ्य वाढतच जाते.