बहुसंख्य असूनही भेदभाव वाट्याला आला का? अनुभव लिहा

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ६९ टक्के लोकांची मातृभाषा मराठी. तरीही २०२३ मध्ये मुलुंडला ऑफिससाठी जागा बघायला गेलेल्या बाईंना 'महाराष्ट्रीयन नकोत' असं ऐकावं लागलं. तो व्हिडिओ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. संख्येने जास्त असलेल्यांनाही वंशभेद सोसावा लागतो का? मला वाटतं, लागतो. किल्ली कोणाकडे आहे, यावर ते ठरतं. स्वतःवर आलेलं किंवा जवळून पाहिलेलं लिहा.

घाटकोपर
भाड्याची जागा पसंत पडली होती, टोकन द्यायला आईला घेऊन गेलो. सेक्रेटरी म्हणाले, "आमच्याकडे फक्त व्हेज फॅमिली." आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा शिजत नाही. तसं सांगितलं. त्यांनी आईच्या गळ्यातली तुळशीची माळ पाहिली आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण तुम्ही महाराष्ट्रीयन ना!" आई जिना उतरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. वकील मित्राला विचारलं तर म्हणाला, लढणं अवघड आहे. अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात २००५ साली सुप्रीम कोर्टाने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी, म्हणजे सोसायटीचा नियम, मान्य केला होता.

जोहान्सबर्ग
इथे दक्षिण आफ्रिकेत दहातले सातजण कृष्णवर्णीय होते, तरी १९१३च्या कायद्याने त्यांच्या वाट्याला जेमतेम ७ टक्के जमीन ठेवली. माझ्या ऑफिसातल्या मावशींना सोळाव्या वर्षापासून पासबुक (बँकेचं नव्हे, कृष्णवर्णीयांना फिरण्यासाठी सक्तीचं असलेलं परवान्याचं पुस्तक) बाळगावं लागे. दूध आणायला जाताना ते घरी राहिलं म्हणून त्यांनी एक रात्र पोलीस कोठडीत काढली. १९८६ मध्ये पासचे कायदे गेले. त्या अजूनही घराबाहेर पडताना पर्स चाचपतात.

लेस्टर
भारतात कधी 'आपण कोण' हा प्रश्नच पडला नव्हता. इथे इंग्लंडमध्ये बसस्टॉपवर पोरांनी 'पाकी' (आपल्याकडच्या सगळ्यांनाच दिली जाणारी शिवी) म्हणून बाटली फेकली, तेव्हा पडला.

नागपूर
वरचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण मला पुण्यात घर नाकारणारी बाई मराठीच होती. आधी आडनाव, मग गाव, मग "देव्हारा कुठे मांडणार?" मी म्हटलं, देव्हारा नाही, बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो लावणार. दुसऱ्या दिवशी फोन आला, "भाचा राहायला येतोय हो." पुढच्या गल्लीतही पहिला प्रश्न आडनावाचाच. घाटकोपरच्या दादांना मुंबईत नकार मिळाला, पण राज्यात इतरत्र त्यांना कोणी आडनाव विचारून परत पाठवणार नाही. मला कुठल्याही गावात ती धास्ती असते. दोन्ही अनुभव खरे, पण वजन सारखं नाही.

ठाणे
नागपूरकर ताई, पटलं. मी सोसायटीच्या कमिटीत आहे. मागच्या महिन्यात एका मुस्लिम जोडप्याला फ्लॅट द्यायला सगळ्यांनी हरकत घेतली. विरोधात मी एकटीच. आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, फक्त कळवावं लागतं. हे मी पुढच्या सर्वसाधारण सभेत लेखी मांडणार आहे. जात, धर्म, भाषा यावरून भाडेकरू नाकारायचा नाही, असा ठराव कोणाच्या सोसायटीने केला असेल तर मसुदा इथे टाका.