सड्यावरच्या डबक्यातला पातेरा (गळून पडलेला पाला) काढावा का? मदत हवी आहे

मंडळी, राजापूरकडच्या आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पावसाळ्यात कातळाच्या खोलगटात पाणी साठतं. दोन डबकी जवळजवळ आहेत, आकारही साधारण तोच. एक उघड्या कातळावर, भोवती गेंद आणि सीतेची आसवं ही रानफुलं. दुसरं काजू-आकेशियाच्या लागवडीला लागून. जुलैत पहिल्यात बेडूकमासे, चतुरांच्या अळ्या आणि उताणे पोहणारे पारदर्शक फेअरी श्रिंप (कोळंबीसारखे चिमुकले जीव) दिसतात. दुसऱ्यात पाणी कोऱ्या चहासारखं, तळाला लाल किडे, वर डासांच्या अळ्या. पूर्वी भाजावळीसाठी (पेरणीआधी जमीन भाजायला) पातेरा उचलला जायचा, आता तिथेच कुजतो.

मे महिन्यात तळ खरवडून साफ करू का? शेजारचे काका म्हणतात, गप्पी मासे सोड. आणि फरक पातेऱ्याचा की सावलीचा, हे कसं ओळखू?

प्रतिसाद १
गप्पी अजिबात नकोत! ते डासांबरोबर बेडूकमासे आणि श्रिंपही खातील. पाणी वर्षभर टिकत नाही म्हणून तर तिथे मासे नाहीत, आणि मासे नाहीत म्हणूनच ही जनावरं आहेत. शिवाय भरून वाहिलं की गप्पी खाली वहाळात जाणार.

तळही खरवडू नका. फेअरी श्रिंपची अंडी सुक्या मातीत उन्हाळा काढतात; माती गेली की बियाणं गेलं. वरवरचा पातेरा हाताने कमी करा, थोडा राहू द्या. त्यावरच्या बुरशी-जिवाणूंवर बेडूकमासे पोसतात. प्रश्न पानांच्या जातीचा आहे. आकेशियाची ‘पानं’ म्हणजे खरं तर चपटे झालेले देठ. चिवट, सावकाश कुजणारी. गिरिपुष्पासारखा मऊ पाला पोषक खरा, पण एकदम जास्त पडला तर कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो. लाल किड्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून ते अशा पाण्यातही तगतात.

सावलीत शेवाळ कमी, पाणी थंड, बेडूकमाशांची वाढ मंद; पण डबकं आटतंही उशिरा. उघड्या कातळावर सगळं उलट; पावसाने दडी मारली की डबकं लवकर आटतं. पडताळायचं तर चार घमेली पावसाच्या पाण्याने भरा. दोन उन्हात, दोन सावलीत, दोन्हीकडे एकेकात पातेरा. वर जाळी लावा, नाहीतर डासच वाढतील.

लागवडीला खत घालता का? उतार डबक्याकडे आहे का?

धागाकर्ता
उतार डबक्याकडेच आहे, आणि काजूला दरवर्षी युरिया पडतो. त्याचा विचारच केला नव्हता. खत वाहून येऊ नये म्हणून वरच्या अंगाला चर खणला तर डबक्यात पाणीच कमी येईल का?