विषय: शनिवारची टेहाचापी सहल – कॅनोप्या न्यायच्या का? झोत ४५ मैलांचे दाखवतायत

भाऊ (सहल):

मंडळी,

शनिवारी टेहाचापी लूपला (कॅलिफोर्नियातला रेल्वेमार्ग जिथं गोल फिरून स्वतःवरूनच जातो, तिथं गाड्या बघायला) ३८ जण नक्की झालेत. त्यात ११ मुलं आणि चौघं सत्तरीच्या पुढचे. हॅनफर्डच्या हवामान कार्यालयाचा अंदाज आज सकाळी बदलला. दुपारनंतर डोंगरात ताशी २५ ते ३० मैलांचा वारा, झोत ४५ पर्यंत. बैठकीत ठरल्याप्रमाणे व्ह्यू पॉइंटलाच चार कॅनोप्या (घडीचे कापडी मंडप) लावून जेवायचं आहे. अशा वाऱ्यात प्रत्येक पायाला किती वजन लागेल? आणि स्टोरेजची चावी सध्या कोणाकडे आहे? गुरुवार रात्रीपर्यंत कळवा म्हणजे शुक्रवारी सामान भरता येईल.

भाऊ

---

माई (भांडार):

चावी माझ्याकडे आहे. कॅनोप्या गणपतीच्या खर्चातून घेतलेल्या आहेत. बाहेर काढायच्या तर वहीत नोंद आणि घेणाऱ्याची सही लागेल, हे मागच्या वर्षीच ठरलंय.

सहापैकी चारच धड आहेत. उरलेल्या दोन्हींच्या छताखालच्या कात्रीच्या पट्ट्या कोजागरीला वाकल्या. तेव्हा तीन पायांना पोती बांधली होती आणि चौथा मोकळा राहिला. कापड फुगलं, मोकळा पाय उचलला गेला, सांगाडा पिळला आणि ॲल्युमिनियमची पट्टी नेमकी बोल्टच्या भोकापाशी मुडपली, कारण तिथंच ती सगळ्यात नाजूक असते. त्या पिळानेच पायावरचा सरकता प्लॅस्टिकचा तुकडाही तडकला. सुटी पट्टी मागवताना पूर्ण लांबी मोजून उपयोग नाही, भोकापासून भोकापर्यंतचं अंतर मोजावं लागतं. पहिल्यांदा मागवलेल्या पट्ट्या त्यामुळेच परत गेल्या. बदली पट्ट्या अजून आलेल्या नाहीत, तेव्हा चारपेक्षा जास्त मागू नका.

माई

---

नाना:

भाऊ, वजनाचा हिशोब करून टाकतो म्हणजे वाद नको.

वाऱ्याचा दाब, पौंड दर चौरस फूट, म्हणजे ०.००२५६ गुणिले वेगाचा वर्ग (वेग ताशी मैलांत). ३० मैलांना २.३ येतो. आपली कॅनोपी १० बाय १०, म्हणजे १०० चौरस फूट. छताखाली वारा शिरला की उचलणारा जोर सुमारे २३० पौंड, दर पायाला ५८. आता ४५ मैलांचा झोत घ्या. वेग दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो. ५१८ पौंड, दर पायाला १३०.

पाच गॅलनची बादली पाण्याने भरली तर ४२ पौंड, कोरड्या वाळूने भरली तर साधारण ६५. म्हणजे झोत गृहीत धरले तर पायाला वाळूच्या दोन बादल्या, चार कॅनोप्यांना ३२. एवढी वाळू कोणाच्या व्हॅनमध्ये भरणार? दुकानात 'पायाला ४० पौंड पुरे' सांगतात ते शांत हवेतल्या बाजारापुरतं ठीक आहे.

खुंट्यांवर विसंबू नका. रस्त्याकडेची जमीन मुरमाड आणि कडक आहे, फुटभर खुंटी निम्मीही जात नाही. बाजूच्या भिंती तर अजिबात लावायच्या नाहीत. भिंत लावली की कॅनोपीचं शीड होतं.

माझं मत: वर कॅनोपी नको.

नाना

---

भाऊ (सहल):

नाना, हिशोब पटला. पण चार वडीलधाऱ्यांना उन्हात बसवायचं का? एक तरी लावू, व्हॅनच्या आडोशाला?

---

अण्णा:

व्हॅनच्या आडोशाला लावलेली कॅनोपी जास्त लवकर मोडते. वारा व्हॅनवरून उडी मारून पलीकडे भोवरे करतो आणि कापडाला वरून-खालून आलटून पालटून हिसके बसतात.

मुळात जागेची गल्लत होतेय. टेहाचापी म्हटलं की सगळ्यांना पवनचक्क्या दिसतात. त्या चक्क्या गावाच्या पूर्वेला, मोहावीकडे उतरणाऱ्या कड्यांवर आहेत, आणि त्या तिथं का उभ्या केल्या हे उघड आहे. लूप गावाच्या पश्चिमेला, बेकर्सफील्डच्या बाजूला, बराच खाली आहे. वारा वायव्येकडून येतो. सॅन होआकिन खोऱ्यातली थंड हवा खिंडीतून तापलेल्या वाळवंटाकडे ओढली जाते. वाळवंट तापायला दुपार होते, म्हणून वसंतात वारा एकनंतर चढतो आणि संध्याकाळी सर्वात जोरात असतो. सकाळी नऊ ते बारा लूपवर टोपी डोक्यावर राहते.

तेव्हा क्रम उलटा करा. सकाळी थेट लूप, ५८ नंबरच्या हायवेवरून कीनचा एक्झिट घेऊन वुडफर्ड-टेहाचापी रस्त्याने. साडेबाराला तिथून निघून जेवण गावात, डेपो म्युझियमच्या जवळ. मूळचा १९०४ चा डेपो (रेल्वे स्टेशन) २००८ मध्ये जळाला आणि २०१० मध्ये जसाच्या तसा उभा राहिला. रूळ लागूनच आहेत, मुलांना जेवताना गाडी दिसेल, आणि वडीलधाऱ्यांना भिंतीची खरी सावली मिळेल. कॅनोपीचा प्रश्नच उरत नाही.

हवामान कार्यालयाच्या वाऱ्याच्या इशाऱ्यांत ॲडव्हायझरी आणि वॉर्निंग यांतला फरक भाऊंनी शुक्रवारी रात्री बघावा. झोत ४६ ते ५७ असतील तर ॲडव्हायझरी, ५८ किंवा त्यावर वॉर्निंग. वॉर्निंग लागली तर पंधरा सीटच्या उंच व्हॅनने मोहावीकडून येऊ नका. १४ आणि ५८ नंबरच्या हायवेंच्या जोडावर बाजूचा वारा सगळ्यात वाईट लागतो. पाच नंबरने बेकर्सफील्डवरून चढा, लांब पडलं तरी.

नवीन लोकांसाठी: कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही. मधली क्रॉसची टेकडीसुद्धा रेल्वेच्या हद्दीत आहे. एप्रिलमध्ये गवतात रॅटलस्नेक निघतात, मुलांना बूट घालूनच आणा.

अण्णा

---

दादा (पासाडेना):

अण्णा, ४५ मैलांच्या झोतात गाड्या तरी चालतात का? का आपण जाऊन रिकामे रूळ बघायचे?

---

अण्णा:

चालतात. साधा हिशोब बघ, नानांचाच फॉर्म्युला. ५३ फुटी रिकामे दोन कंटेनर एकावर एक, म्हणजे बाजूचं क्षेत्रफळ जवळपास १,००० चौरस फूट. ६० मैलांच्या वाऱ्याला ९,२०० पौंडांचा रेटा. तो रुळापासून साधारण साडेदहा फुटांवर लागतो, म्हणजे पाडणारा जोर ९७,००० फूट-पौंड. सांभाळणारं वजन वॅगनसकट ६०,००० पौंडांच्या आसपास. ते मध्यापासून रुळापर्यंतच्या अडीच फुटांनी गुणलं की १,५०,०००. ६० ला गाडी उभी राहते. ७५ ला दोन्ही बाजू बरोबरीला येतात. डब्यांचा आकार आणि झुलणं धरलं तर प्रत्यक्षात त्याआधीच धोका सुरू होतो. म्हणून रेल्वे ती वेळ येऊ देत नाही, आधीच वेग कमी करते किंवा गाडी थांबवते. भरलेल्या कंटेनरांचं वजन दुपटीहून जास्त, त्यांना एवढी भीती नसते. धोका रिकाम्यांना.

२०१५ च्या एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्सजवळ ह्यूई लाँग पुलाच्या चढावरून कंटेनरची गाडी वादळाने खाली पडली, तो व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. वरचा कंटेनर खालच्याला कोपऱ्यांवरच्या कुलपांनी जोडलेला असतो, पण खालचा वॅगनच्या खळग्यात नुसता बसवलेला असतो. उलटायला लागले की दोन्ही एकत्रच निघतात.

---

नाना:

अण्णांच्या मुद्द्याला जोड: वारा मोजण्याची सोय आपल्याकडेही आहे. कोकण रेल्वेने रत्नागिरी आणि निवसर यांच्यामधल्या पानवल पुलावर वेगमापक बसवलाय. ६४ मीटर उंच, ४२४ मीटर लांब पूल, दरीत उघडा. तसेच मापक मांडवी, झुआरी आणि शरावतीच्या पुलांवर आहेत. पावसाळ्यात वारा वाढला की स्टेशनमास्तरला कळतं आणि गाडी रोखता येते.

---

वहिनी (बेकर्सफील्ड):

विषय निघालाय म्हणून विचारते. मुलांना मी सांगितलं की हा आपला खंडाळ्याचा घाटच आहे. बरोबर ना? तिथंही आधी रिव्हर्सिंग स्टेशन होतं.

---

अण्णा:

वहिनी, अर्धं बरोबर. चढ जिंकायचा प्रश्न तोच, पण उत्तर वेगळं. भोर घाटात, म्हणजे तुमच्या खंडाळ्याच्या घाटात, १८६३ मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन काढलं. गाडी एका फाट्यावर शिरायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि उलट दिशेने चढायची. १९२९ मध्ये नवी अलाइनमेंट झाली आणि ते बंद पडलं. टेहाचापीत १८७६ मध्ये गाडी न थांबवता गोल फिरवून स्वतःच्याच डोक्यावरून नेली.

चढाचं बघा. लूपची लांबी ३,७७९ फूट, त्यात उंची वाढते ७७ फूट, म्हणजे ४९ ला १. भोर घाट ३७ ला १. आपला घाट जास्त खडा आहे, हे मुलांना नक्की सांगा. म्हणूनच कर्जतला मागून बँकर (ढकलणारी जादा इंजिनं) लागतात आणि माथा चढल्यावर सुटतात. इथं मधली आणि मागची इंजिनं सबंध प्रवासभर गाडीतच असतात, त्यांच्यात माणूस नसतो, पुढचा ड्रायव्हर रेडिओने चालवतो. पुढची इंजिनं निघून गेली म्हणून मुलांना वळवू नका, मागच्या इंजिनांचा आवाज चढावर जास्त चांगला लागतो.

मुलांना मोजायला द्या: चढणारी गाडी खाली नऊ नंबरच्या बोगद्यात शिरते. २० मैलांच्या वेगाने पूर्ण गोल फिरून त्याच बोगद्याच्या वर यायला इंजिनाला दोन मिनिटं आणि थोडे सेकंद लागतात. गाडी ८,००० फुटांची असेल तर इंजिन वरून जाताना निम्म्याहून जास्त गाडी अजून खालीच असते. पूर्ण गाडी एका जागेवरून जायला साडेचार मिनिटं. ४,००० फुटांहून आखूड गाडी आली तर स्वतःवरून जाताना दिसत नाही, मुलं हिरमुसतात, आधीच सांगून ठेवा. तिथल्या सायडिंगची (बाजूच्या रुळाची) पाटी वालाँग अशी आहे. डब्ल्यू. ए. लाँग नावाच्या रोडमास्टरवरून (रुळांची देखभाल बघणारा अधिकारी) ते नाव पडलं, चिनी नाव नाही, हेही दरवेळी विचारलं जातं. चिनी मजुरांनी मार्ग बांधला हे मात्र खरं.

---

दादा (पासाडेना):

व्हिडिओ काढणाऱ्यांसाठी: मागच्या सहलीचे निम्मे व्हिडिओ फक्त वाऱ्याच्या फडफडीचे आलेत. माइकवर नुसता स्पंज १५ मैलांपुढे काही करत नाही. केसाळ टोपी लागते, आणि ती स्पंजवरून घालायची, थेट माइकवर नाही. रेकॉर्डरमध्ये लो-कट (खालचे सूर कापणारी सोय) ८० हर्ट्झला ठेवा. १५० वर नेलात तर वारा जाईल पण चढणाऱ्या डिझेलची घरघरही जाईल, आणि तीच ऐकायला आपण जातो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, पाय पसरून बुटका ठेवा. खाली पिशवी लटकवायची तर तिचा तळ जमिनीला टेकलेला हवा. लोंबकळती पिशवी झोके खाते आणि कॅमेराच हलवते. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद.

---

ताई (भोजन):

जेवणाबद्दल कोणी आम्हाला विचारलं नाही, म्हणून लिहिते. भोजन समितीने पिठलं-भात ठरवला होता. वाऱ्यात कागदी ताटं उडतात आणि भाताचं शीत मुलांच्या डोळ्यांत जातं. बदल असा: धपाटे आणि दह्याची चटणी, दशम्या, शेंगदाण्याचा सुका ठेचा. माणशी तीन धपाटे फॉइलमध्ये गुंडाळून, नाव लिहून. ताट लागत नाही. गॅसची शेगडी वर कोणीही आणायची नाही, एप्रिलमध्ये गवत वाळायला लागलेलं असतं आणि ठिणगी पुरते.

चहा घरून. २७ मोठे, माणशी दोन कप, १२० मिलीचा कप, म्हणजे साडेसहा लिटर. २.२ लिटरचे तीन पंपवाले थर्मास पुरतात. माईंच्या भांडारात दोनच आहेत.

---

वहिनी (बेकर्सफील्ड):

ताई, तिसरा मी आणते. पण गेल्या वेळी थर्मासमधला आल्याचा चहा फुटला होता, तो कशाने?

---

ताई (भोजन):

कच्चं आलं कोमट दुधात पडलं की दूध फाटतं. आलं आधी नुसत्या पाण्यात पाच मिनिटं खळखळून उकळायचं, मग चहापत्ती, आणि दूध वेगळं उकळून शेवटी. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, ओता, आणि लगेच चहा काठोकाठ भरा. अर्धा रिकामा थर्मास दुपारपर्यंत निवतो. सहाला भरलेला चहा दहाच्या आत संपवायचा, चार तासांपुढे दुधाचा चहा ठेवायचा नाही. म्हणजे चहा लूपवरच द्यायचा, गावात नाही.

---

भाऊ (सहल):

ठीक आहे, अण्णांच्या क्रमाने जाऊ. निघायची वेळ साडेसहा, पार्किंग लॉटमधून. कॅनोप्या नेत नाही. चार घडीच्या खुर्च्या आणि सतरंज्या हव्यात. स्वच्छतागृहासाठी आधी बेकर्सफील्डला किंवा गावात थांबा, वर काही मिळेल असं धरून चालू नका. माई, चावी?

---

माई (भांडार):

शुक्रवारी सहानंतर घरी या. चार खुर्च्या, दोन थर्मास, सहा सतरंज्या, असं वहीत लिहून ठेवलंय. सतरंज्यांच्या कोपऱ्यांना धरायला दगड तिथलेच घ्या, गणपतीच्या पाटाखालच्या विटा मी देणार नाही. आणि परत आणताना सतरंज्या आधी झटका, गवताची कुसळं आत अडकली की पुढच्या वेळी बसवत नाही.

माई