मदत हवी आहे: जाम झालेला पितळी अडकित्ता कसा मोकळा करावा?

जुना अडकित्ता आहे. दांडे ओतीव पितळेचे, पातं लोखंडी. पात्यावर गंज चढलाय आणि सांध्याचा खिळा इतका जाम, की दांडे अर्धवट उघडे तसेच अडकलेत. खिळा दोन्ही बाजूंनी ठोकून बसवलेला आहे, स्क्रू नाही, त्यामुळे खोलता येत नाही.

रात्रभर रॉकेलमध्ये ठेवला, लाकडी ठोकळ्यावर हलकेच ठोकला, मग सांध्यात शिवणयंत्राचं तेल सोडलं. केसभर हलतो, पुढे नाही. जास्त जोर लावायला धजत नाही, ओतीव पितळ मोडलं तर संपलंच. दांड्यांवर मोराची नक्षी आहे, म्हणून तिथे पॉलिश पेपर नको.

व्हिनेगरमध्ये बुडवा, असं बरेच जण सांगतात. पण आम्लात पितळेतलं जस्त निघून ते लालसर पडतं, शिवाय दोन्ही धातू एकत्र भिजले की लोखंड जास्त झिजतं. चिंच-लिंबाचंही तेच. पुढे सुपारी कातरायचीच आहे. रॉकेल साबणाने धुता आलं, पण न निघणारं रसायन नको.

तर फक्त पातं व्हिनेगरमध्ये बुडेल असं टांगायचं का, आणि किती तास? खिळ्याला गरम पाणी आणि तेल आलटून पालटून देऊन कुणाचा सांधा सुटलाय का?