मदत हवी आहे: अटारी २६०० साठी घरी केलेलं ८के कार्ट्रिज इम्युलेटरवर पळतं, खऱ्या कन्सोलवर मध्येच मरतं

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय, जरा लांबलचक आहे पण सगळं एकदाच सांगतो म्हणजे परत परत विचारायला नको.

अटारी २६०० या जुन्या गेम कन्सोलसाठी एक गेम लिहितोय, गुहेतून जायचं, दिवा सांभाळायचा वगैरे. असेंब्लीत, डॅसम हा असेंबलर वापरून. ४के मध्ये मावेना म्हणून ८के केला, एफ८ पद्धतीचं बँक स्विचिंग (रॉमचे ४के चे दोन भाग, एका वेळी एकच दिसतो), म्हणजे १एफएफ८ (पत्ते हेक्समध्ये) वाचलं की बँक ०, १एफएफ९ वाचलं की बँक १. स्टेला इम्युलेटरवर तासन् तास चालतो, एकदाही अडकला नाही, स्कॅनलाइन (पिक्चरच्या आडव्या ओळी) पक्क्या २६२ आहेत.

आता कार्ट्रिज. फ्लॅश कार्ट घ्या असं कृपया कुणी सांगू नका, बोर्ड स्वतः करायचा हाच तर सगळा खेळ आहे. झिरो बोर्डवर २७सी६४ इप्रॉम (यूव्हीने पुसता येणारी रॉम चिप) लावलाय. ए१२ (सर्वांत वरची अॅड्रेस लाइन) ला ७४एचसी०४ इन्व्हर्टरमधून उलटा करून इप्रॉमच्या सीई (चिप चालू करायची पिन) ला दिलाय, कारण कन्सोलला कार्ट्रिज हवं असतं तेव्हा ए१२ हाय असतो आणि इप्रॉमला लो लागतो. बँकेसाठी ए३ ते ए१० ही आठ लाइनी ७४एचसी३० (आठ इनपुटचा नँड गेट) मध्ये, त्याचं आउटपुट ७४एचसी१३८ डिकोडरच्या एका लो एनेबलला, उलटा ए१२ दुसऱ्या लो एनेबलला, ए११ हाय एनेबलला, आणि ए०, ए१, ए२ सिलेक्टला. १३८ चं वाय० जातं ७४एचसी७४ फ्लिपफ्लॉपच्या क्लिअरला आणि वाय१ प्रीसेटला, त्याचं आउटपुट क्यू जातो इप्रॉमच्या ए१२ पिनवर. मीटरने सगळं तपासलंय, शॉर्ट नाही, तुटलेलं नाही.

त्रास दोन प्रकारचा आहे:

एक म्हणजे स्विच ऑन केल्यावर कधी टायटल येतं, कधी नुसता काळा पडदा किंवा उभे पट्टे. परत बंद-चालू केलं की कधी येतं कधी नाही.

दुसरं जास्त चीड आणणारं. टायटल आलं की पहिली गुहा एकदम मस्त चालते, दुसऱ्या गुहेत शिरलं की थोड्या वेळात पिक्चर गरगर फिरायला लागतं आणि आवाज एका सुरात अडकतो. दर वेळी दुसरीच गुहा. पहिल्या गुहेत कितीही वेळ बसा, काही होत नाही. इप्रॉम बदलून पाहिला, तेच. कोड बघावा की बोर्ड बघावा तेच कळेना.

प्रतिसाद १

पॉवरच्या पिनांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावलेत का? प्रत्येक चिपला एक, अगदी पायाला चिकटून. आणि ७४एचसी०४ चे जे गेट वापरले नाहीत त्यांचे इनपुट हवेत सोडलेत का? एचसी चिपचे मोकळे इनपुट ग्राउंडला बांधायलाच हवेत, नाहीतर त्या काय वाट्टेल ते करतात. २७सी६४ ची पिन १ आणि पिन २७ व्हीसीसीला (पाच व्होल्टला) हवी.

धागाकर्ता

कपॅसिटर आहेत, मोकळे इनपुट ग्राउंडला आहेत, पिन १ आणि २७ व्हीसीसीलाच आहेत. हे सगळं आधीच केलंय हो.

प्रतिसाद २

पहिला त्रास कोडमधला वाटतोय. स्टेला नेहमीच्या सेटिंगवर तुमचे फार लाड करतो. डेव्हलपर सेटिंग्जमध्ये जा, रॅम रँडम करायचा पर्याय चालू करा, स्टार्टअप बँक रँडम करायचा चालू करा, आणि टीआयए (पिक्चर-आवाजाची चिप) च्या न वापरलेल्या पिना वाचताना रँडम करायचाही आहे, तोही करा. मग गेम परत परत चालू करून बघा. रीसेटला १२८ बाइट रॅम आणि टीआयए साफ करताय ना? क्लीन_स्टार्ट मॅक्रो आहेच त्यासाठी. आणि बटण वाचताना फक्त सातवा बिट बघा, बीपीएल किंवा बीएमआय इन्स्ट्रक्शनने. बटणाच्या रजिस्टरचे खालचे सहा बिट भरवशाचे नसतात, त्यामुळे पूर्ण बाइटची तुलना केली की इम्युलेटरवर चालतं आणि खऱ्या मशीनवर तोंडघशी पडतं.

धागाकर्ता

रॅम साफ करतो, बटणाला बीएमआय आहे. पण स्टार्टअप बँक रँडम केली आणि स्टेलावरसुद्धा काळा पडदा आला!! म्हणजे पहिला त्रास पकडला गेला. रीसेट व्हेक्टर (चालू झाल्यावर कोड कुठून सुरू करायचा तो पत्ता) फक्त बँक १ मध्ये आहे, बँक ० च्या शेवटी शून्यं भरलीत.

दुसरा त्रास मात्र सगळे पर्याय चालू करूनही स्टेलावर येत नाही.

प्रतिसाद ३

पॉवर ऑन झाल्यावर ७४ चा क्यू हाय असेल की लो याची कुणीच हमी देत नाही, त्यामुळे दोन्ही बँकांत रीसेट व्हेक्टर हवा. दोन्हीकडे एकाच पत्त्यावर तेच चार शब्द ठेवा: बिट १एफएफ९, मग जेएमपी स्टार्ट (बिट म्हणजे इथे पत्ता वाचणारी इन्स्ट्रक्शन). कुठल्याही बँकेत जागा झाला तरी बिट झाल्यावर पुढची इन्स्ट्रक्शन बँक १ मधून येते, आणि ती दोन्हीकडे सारखी असल्यामुळे गाडी रुळावरून घसरत नाही.

आता दुसऱ्याबद्दल. दुसऱ्या गुहेच्या स्प्राइटचे (हलणाऱ्या चित्रांचे) टेबल रॉममध्ये कुठे ठेवलेत? माझा अंदाज, शेवटच्या पानात, १एफxx मध्ये. बरोबर असेल तर पुढचं सांगतो.

धागाकर्ता

हो!! जागा संपत आली म्हणून दुसऱ्या गुहेचे प्राणी १एफसी० पासून पुढे टाकलेत. हे तुम्हाला कसं कळलं?

प्रतिसाद ३

कळलं कारण या मशीनच्या कार्ट्रिज पोर्टवर काय नाही ते बघा. २४ पिना: १३ अॅड्रेस, ८ डेटा, एक पाच व्होल्ट, दोन ग्राउंड. संपलं. क्लॉक नाही, रीड-राइट लाइन नाही. अॅड्रेस बदलत असताना तो कधी पक्का झाला हे तुमच्या बोर्डाला कळायची सोयच नाही, तो सतत बघत बसलेला असतो.

आता समजा कर्नल (पडदा रंगवणारा कोड) टेबलमधून १एफडी८ वाचतो आणि लगेच पुढची इन्स्ट्रक्शन १ए७९ वरून उचलतो. बिट लिहून बघा. १एफडी८ म्हणजे १ ११११ ११०१ १०००, आणि १ए७९ म्हणजे १ १०१० ०१११ १००१. ए५ आणि ए० शून्याचे एक होणार, ए७, ए८, ए१० एकाचे शून्य होणार. सगळ्या लाइनी एकाच क्षणी बदलत नाहीत. ए५ जरा आधी वर गेला आणि बाकीचे अजून खाली आले नसले तर काही नॅनोसेकंद बसवर काय दिसतं? १ ११११ ११११ १०००. म्हणजे १एफएफ८! सीपीयूने तो पत्ता कधी मागितलाच नाही, पण तुमच्या १३८ ने पाहिला, वाय० ला एक बारीक टोचा मारला, आणि ७४ चा क्लिअर असिंक्रोनस (क्लॉकची वाट न बघणारा) असल्यामुळे त्याला तेवढा टोचा पुरतो. बँक बदलली, पुढची इन्स्ट्रक्शन भलत्याच बँकेतून आली, पुढे तुम्ही बघताय तेच. पहिल्या गुहेचं टेबल खालच्या पानात असेल तर तिथे ए३ ते ए१२ सगळे एकदम हाय व्हायची वेळ सहसा येत नाही.

स्टेलाला हे दिसणार नाही, त्याच्या जगात पत्ता एका फटक्यात बदलतो.

पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, तपासा. एक टेस्ट रॉम करा: दोन्ही बँकांत हुबेहूब तोच कोड, तेच टेबल त्याच पत्त्यावर, रीसेट व्हेक्टर दोन्हीकडे. फरक एका बाइटचा, बॅकग्राउंडचा रंग. बँक ० मध्ये लाल, बँक १ मध्ये निळा. प्रत्येक स्कॅनलाइनला एलडीए इमिजिएट इन्स्ट्रक्शनने रंग उचलून कोलूबीके (बॅकग्राउंडच्या रंगाचं रजिस्टर) मध्ये टाका आणि तुमचं टेबल वाचा. हॉटस्पॉटला (१एफएफ८, १एफएफ९) कोडमधून अजिबात हात लावू नका. आता रंग आपोआप बदलला तर तो बोर्डाने बदलला, कोडचा काही संबंध नाही. आणि कुठल्या ओळीवर बदलला तेही पडद्यावरच दिसेल.

प्रतिसाद ४

टेस्ट रॉमची कल्पना भारी आहे, वाचनखूण साठवली. 👏 धागाकर्ते, इप्रॉम दर वेळी यूव्हीखाली पुसत बसण्यापेक्षा २८सी६४ घ्या, तो प्रोग्रॅमरमध्येच पुसला जातो. त्याच सॉकेटमध्ये बसतो, फक्त पिन १ मोकळी सोडा, पिन २७ व्हीसीसीलाच राहू द्या.

धागाकर्ता

टेस्ट केली. काय सांगू! चालू केल्यावर पडदा कधी पूर्ण लाल, कधी पूर्ण निळा, म्हणजे पॉवर ऑनचं म्हणणं डोळ्यांनी दिसलं. टेबल वाचणं चालू केलं की निळा पडदा मधूनच लाल होतो, आणि कधी लालचा निळा. रंग बदलतो तो दर वेळी ज्या पट्ट्यात १एफडी० च्या पुढचे बाइट वाचले जातात तिथेच. टेबल १सी०० ला नेलं की पडदा निळा तो निळाच.

आता टेबल हलवून गेम चालेल हे कळलं, पण मला बोर्डच नीट करायचाय. उद्या दुसरा गेम लिहिला की परत हेच पथ्य पाळत बसायचं का?

प्रतिसाद ३

पाळायला नको. ७४एचसी०४ काढा, त्याच सॉकेटमध्ये ७४एचसी१४ बसवा, पिना त्याच आहेत पण इनपुट श्मिट ट्रिगर (हळू चढणारा सिग्नलही स्वच्छ घेणारे) आहेत. वाय० च्या पुढे १ किलोओहम आणि ग्राउंडला १०० पिकोफॅरड, मग १४ चे दोन गेट एकामागे एक, मग क्लिअर. वाय१ लाही तसंच, मग प्रीसेट. पाच गेट लागले (ए१२ चा धरून), सहाव्याचा इनपुट ग्राउंडला. आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) म्हणजे १०० नॅनोसेकंद, त्यात टोचे विरून जातात. सीपीयूची एक सायकल साधारण ८४० नॅनोसेकंदांची असते, त्यामुळे खरा १एफएफ८ त्यातून आरामात पार होतो. श्मिट हवाच, आरसीतून हळूहळू चढणारा सिग्नल थेट ७४ ला दिलात तर तो उंबरठ्यावर थरथरतो आणि नवीन भानगड सुरू.

जे लोक मायक्रोकंट्रोलरवर कार्ट करतात तेही दुसऱ्या वाटेने हेच करतात, पत्ता परत परत वाचायचा आणि लागोपाठ दोनदा सारखा आला तरच खरा मानायचा.

प्रतिसाद २

आणि १एफएफ८ च्या अगदी अलीकडे कोड ठेवू नका. ६५०७ (२६०० चा सीपीयू) आरटीएस सारख्या एका बाइटच्या इन्स्ट्रक्शननंतर पुढचा बाइटही वाचून टाकतो, त्यामुळे आरटीएस १एफएफ७ ला असेल तर हॉटस्पॉट खरोखरच वाचला जातो. तो टोचा नाही, पूर्ण वाचन आहे, आरसी त्याला अडवणार नाही.

धागाकर्ता

१४ बसवला, आरसी लावले, टेबल मुद्दाम परत १एफसी० ला नेलं. टेस्ट रॉम रात्रभर निळा. गेम दुसऱ्या गुहेतून तिसरीत गेला, आणि तिथल्या वटवाघळाने मला लगेच मारलं, पण ते मीच लिहिलंय.

एक शेवटचं, याच बोर्डवर जास्तीची १२८ बाइट रॅम टाकायची असेल तर? राइट लाइन नाही म्हणता मग लिहायचं कसं?

प्रतिसाद ३

पत्त्यावरूनच. सुपरचिपची (कार्ट्रिजमध्ये जास्तीची रॅम देणारी चिप) पद्धत: १००० ते १०७एफ लिहायला, १०८० ते १०एफएफ वाचायला, ए७ वरून दिशा ठरते. पण लिहायच्या पत्त्यावर चुकूनही वाचायचं नाही, आयएनसी सारख्या इन्स्ट्रक्शन तिथे बंद, त्या आधी वाचतात मग लिहितात. आणि लिहिताना इप्रॉमचा आउटपुट बंद करायला विसरू नका, नाहीतर सीपीयू आणि इप्रॉम एकाच बसवर भांडतील. नवीन धागा काढा, सर्किट टाका, बघू.